बिनपिनेची गाडी

जोतीराम इंगोले रागावला की त्याचा आवाज चढत नाही, उतरतो. एरवी तो साधं "पाणी आण गं" म्हणाला तरी नीलम नगरातल्या त्याच्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात बावीस वर्षं जॉबर म्हणून काढलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? एका पत्र्याखाली चाळीस माग खडखडत असतात. कुठला माग अडला, आडवा धागा नेणारा कुठला धोटा वाकडा धावतोय, ते बघून माग पुन्हा नीट चालता करायचा, हे जॉबरचं काम. त्या कल्लोळात कानाचा उपयोग शून्य. पलीकडच्या टोकाचा माणूस नुसते ओठ हलवतो आणि इकडचा ते वाचतो. "चहा आला", "मालक आला", "तुझी बायको फाटकात उभी हाय", सगळं ओठांवरच. जोतीरामचे कान अर्धे गेलेत, पण डोळे अजून शाबूत आहेत.

त्याची पहिली मोटरसायकल सतरा वर्षं चालली ती त्याच्याच हातानं. तिचा एकही नट असा नव्हता की जो त्यानं कधी उघडला नाही. शेवटी ती अगदीच खिळखिळी झाली, तेव्हा गेल्या दसऱ्याला त्यानं नवी घेतली. शोरूममध्ये चावी हातात देताना त्यांनी बजावून सांगितलं, "काका, एकच लक्षात ठेवा. बाहेर कुठं उघडायची नाही. स्वतः तर अजिबातच नाही. वॉरंटी जाते."

झालं. ज्या माणसाचे हात पाना दिसला की शिवशिवतात, त्यानं हात बांधून घेतले. आरसा हलायला लागला तरी हा हात लावेना. नववीतली भार्गवी त्याला चिडवायची, "पप्पा, आरसा नुसता पिळला तर काय पोलीस येतील?"

"शोरूमवाले बघतील की," तो म्हणायचा. "त्यांचं काम हाय ते."

त्या शनिवारी त्यानं गाडी सर्व्हिसिंगला दिली. चेन घट्ट करायची होती, मागचा ब्रेक साफ करायचा होता. संध्याकाळी पाचला घ्यायला गेला, तर गाडी धुऊन चकाचक, टायरला काळं पॉलिशसुद्धा. काउंटरवरच्या आशिषनं कार्ड पुढं केलं. गळ्यात टाय, कानात छोटं यंत्र, अशा अवतारातला हा अठ्ठावीस वर्षांचा माणूस ग्राहकांशी बोलायचं काम करतो. कार्डावर रांगेनं खुणा होत्या. ऑइल, बरोबर. चेन, बरोबर. ब्रेक, बरोबर. आणि शेवटी 'ट्रायल, तीन किलोमीटर', बरोबर.

त्या शेवटच्या खुणेनं जोतीरामचा घात केला. कारखान्यात जॉबरनं माग बांधला की पहिला वीतभर टॉवेल त्यानंच विणायचा, तोही धोट्याच्या बाजूला उभं राहून. काही चुकलं असेल तर धोटा उडून आधी त्याच्याच छातीत बसतो. म्हणून तिथं "चालवून बघितला" असं कुणी म्हटलं की पुढं कुणी प्रश्न विचारत नाही. ते दोन शब्द म्हणजे शपथ. जोतीरामला वाटलं, सगळ्या जगात तसंच असतं. त्यानं खाली वाकून बघितलंच नाही.

रविवारी सकाळी तो बायकोला, वैजयंतीला, मागं बसवून सांगोल्याला निघाला. तिच्या भावाच्या, पृथ्वीराजच्या बागेत डाळिंब उतरवायचं होतं, म्हणून दोघांना बोलावलं होतं. वाटेत तिऱ्हे गावाच्या पुढं एक म्हैस आडवी आली. जोतीरामनं मागचा ब्रेक दाबला. खाली काहीतरी कडाडलं, मागचं चाक जागच्या जागी आवळलं आणि गाडी आडवी होऊन घासत गेली. मागून येणाऱ्या दुधाच्या टँकरवाल्यानं टँकर शेतात घातला म्हणून दोघं वाचले. वैजयंती उजव्या हातावर पडली. मनगटाचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

तिचा तो हात म्हणजे घरचं दुसरं यंत्र. कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे घरी यायचे आणि ती मशीनवर त्यांच्या कडा शिवायची. आता ते मशीन चादरीखाली झाकलेलं. वेणी घालायला भार्गवी लागते, भाकरी थापायला शेजारची चंद्रव्वा येते.

आणि ऐका, तिच्या हाताला प्लास्टर चढत होतं त्याच वेळी जोतीरामचा फोन वाजला. गोड आवाजाची एक मुलगी म्हणाली, "सर, कालच्या आमच्या सर्व्हिसला दहापैकी किती मार्क द्याल? दहा दिलेत तर आम्हाला आनंद होईल."

जोतीरामनं लाल बटण दाबलं. फोन खिशात ठेवला.

गाडीखाली वाकल्यावर त्याला सगळं कळलं होतं. मागचा ब्रेक जागेवर धरून ठेवायला एक हातभर दांडी असते. तिचा नट सुटू नये म्हणून त्यातून बोटाच्या पेराएवढी बारीक पिन घालून तिची टोकं वाकवायची असतात. त्या भोकात पिन नव्हती. मोडलेली नव्हे, पडलेली नव्हे. पिन घातलीच नव्हती. भोकात शनिवारचं ग्रीस तसंच गच्च बसलेलं होतं.

पृथ्वीराजनं पिकअप आणला, गाडी शोरूममध्ये पोचवली. बुधवारी दोघं मेहुणे-मेहुणे चौकशीला गेले, तर आशिषनं नवं कार्ड हातात दिलं. पृथ्वीराजनं त्यावरची ओळ मोठ्यानं वाचली: "गाडी बाहेर उघडलेली आढळली. ग्राहकाच्या हाताळणीमुळे पिन गहाळ."

"ही वळ कुणी लिवली?" जोतीरामनं विचारलं.

"काका, सिस्टीममध्ये तसं आलंय," आशिष म्हणाला. "आमच्याकडून पिनशिवाय गाडी जातच नाही. आणि तुम्हीच तर सांगितलं होतं ना, तुम्ही जॉबर आहात, मशीनमधलं तुम्हाला कळतं म्हणून?"

पृथ्वीराज त्याला घेऊन बाहेर आला. मग बुलेटला टेकून तंबाखू मळत म्हणाला, "दाजी, राग नका मानू. पर तुमाला सवय हायच की. बसल्या बसल्या उचकलं आसंल कायतरी."

मेहुण्याचं एक वेळ सोडा. घरी आल्यावर वैजयंतीनं कार्ड डाव्या हातात धरून दोनदा वाचलं. तिनं मान वर केली आणि हळूच विचारलं, "तुमी खरंच हात न्हवता ना लावला?"

तिनं एकदाच विचारलं. पण जोतीरामला वाटलं, त्या टँकरखाली गेलो असतो तर बरं झालं असतं. जे पाप आपण केलंच नाही ते एका ओळीत लिहून त्यांनी आपल्या माथी मारलं, आणि आता स्वतःच्या बायकोचा हात मोडणारा माणूस म्हणून आपण आपल्याच घरात बसलोय. चंद्रव्वानंसुद्धा त्या दिवशी भाकरी थापताना त्याच्याकडे बघणं टाळलं.

गुरुवारी त्यानं कारखान्यातून सुट्टी घेतली आणि शोरूम उघडायच्या आधी दारात जाऊन उभा राहिला.

आशिषनं त्याला बघून तोंडावर हसू आणलं. "या काका. गाडी रेडी आहे. दांडी नवी टाकली, पिन टाकली. गुडविल म्हणून सगळं फ्री. खूश?"

"दांडी ऱ्हाऊ द्या. ती वळ खोडा."

"काका, आवाज जरा..."

"माझा आवाज असाच हाय! ती वळ खोडा म्हणतोय."

सोफ्यावर बसलेलं नवं जोडपं वळून बघायला लागलं. आशिष वाकून म्हणाला, "कार्ड क्लोज झालंय. एकदा क्लोज झालं की उघडत नाही."

"मंजे गाडी उघडली ती चालती, कार्ड उघडत न्हाई व्हय?"

जोडप्यातली मुलगी फसकन हसली. आशिषचे कान लाल झाले. "बसा. मी मॅनेजर साहेबांशी बोलतो."

मॅनेजरची केबिन काचेची. दार लावलं की आतला एक शब्द बाहेर येत नाही, शिवाय बाहेर भिंतीवरच्या टीव्हीवर गाड्यांची जाहिरात ढणाणा वाजत होती. आशिष आत गेला. थोड्या वेळानं मागच्या वर्कशॉपमधून मेकॅनिकला बोलावलं. चाळिशीचा, हात काळे, खिशाला फडकं. शर्टावर नाव शिवलेलं, 'सिदू'. दार बंद झालं.

तिघांचीही तोंडं जोतीरामच्या बाजूला होती. तो सोफ्यावर बसून बघत राहिला. त्याच्यासाठी ते कारखान्यातलं रोजचंच होतं. मागांचा खडखडाट नव्हता, एवढाच काय तो फरक.

मॅनेजर म्हणाला, "पिन का नव्हती?"

सिदू म्हणाला, "साहेब, पिना संपल्या होत्या. शनिवारी सकाळीच स्टोअरला सांगितलं."

"मग गाडी सोडलीस कशी?" आशिष.

"मी कुठं सोडली? मी तर बाजूला लावली होती. तुम्हीच म्हणाला, पाचची वेळ दिलीय, जाऊ दे, पुढच्या खेपेला टाकू."

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. "ट्रायल कुणी मारली?"

आशिषनं टायची गाठ सैल केली. मग त्याचे ओठ हलले. "टिक केली होती सर. शनिवार होता. खूप गाड्या होत्या."

"म्हणजे किलोमीटर बघितले तर कळेल?"

"तेवढं कोण बघतंय सर. तो कारखान्यातला माणूस आहे."

मॅनेजर थोडं हसला. ते हसू जोतीरामनं शब्दाइतकंच स्वच्छ वाचलं. "मग ओळ राहू दे. जॉबर आहे ना? त्यानंच उघडली म्हणायला जागा आहे. ओरडून ओरडून जाईल घरी."

सिदू खाली बघत राहिला.

जोतीरामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठला. खिशातून शनिवारचं कार्ड काढलं, एकदाच नजर फिरवली, आणि केबिनचं दार उघडून आत गेला. त्याचा आवाज इतका खाली आला होता की मॅनेजरला पुढं वाकावं लागलं.

"पिना संपल्या हुत्या," जोतीराम म्हणाला. "शनवारी सकाळीच. ह्या सिदूनं गाडी बाजूला लावली हुती. आशिष म्हणला, जाऊ दे, पुढच्या खेपंला टाकू. ट्रायल कुणी मारली न्हाई. खूण केली नुसती."

मॅनेजरनं दाराकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"तुम्ही... दाराला कान लावून ऐकत होता?" मॅनेजर म्हणाला.

"मला ऐकू येत न्हाई सायेब. मी बघत हुतो."

त्यानं कार्ड टेबलावर ठेवून बोट टेकवलं. "हितं गाडी आत आली तवाचा आकडा. तीन हजार नऊशे शेहेचाळीस. हितं बाहेर गेली तवाचा. तीन हजार नऊशे शेहेचाळीस. आन हितं तीन किलोमीटर चालवली म्हणून खूण. कुटं चालवली? कागदावर?"

मॅनेजर चपापला. मग त्याचा सूर एकदम मऊ झाला. हे असले लोक अडकले की मऊ होतात, आणि तो मऊपणा अंगावर काटा आणतो. "हे बघा इंगोले, चूक झाली. माणसाकडून होते. ती ओळ काढून टाकतो. दोन सर्व्हिसिंग आमच्याकडून. हेल्मेट देतो एक, मॅडमसाठी. सिदू, कार्डावर लिही, 'मेकॅनिककडून पिन राहिली', आणि सही कर."

सिदूनं निमूटपणे पेन उचललं.

"ठेव ते," जोतीराम म्हणाला.

"का? तुम्हाला हेच हवं होतं ना?"

"आदी माझ्या गळ्यात घातलं. आता ह्याच्या घालता. ह्यानं सांगितलं हुतं तुमाला. ज्यानं खूण केली त्यानं लिवायचं." त्यानं आशिषकडं बघितलं. "लिव. पिन नव्हती म्हाईत असून दिली. न चालवता चालवली म्हणून लिवलं. खाली तुजी सही, तेच्या खाली सायबाची. शिक्का पण लागंल."

"असं लेखी कसं देता येईल?" मॅनेजर उसळला. "आमच्या वर कंपनी आहे!"

"मग मी बसतो हितं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला कार्ड दावत बसतो. मी काय बोलत न्हाई. नुसतं दावतो."

आणि तो खरोखरच जाऊन बसला. नव्या जोडप्याच्या शेजारी. कार्ड गुडघ्यावर उलगडून. त्या मुलीनं उत्सुकतेनं मान तिरकी केली, आकडे वाचले, नवऱ्याला कोपर मारलं. पाच मिनिटांत ते दोघं "घरी विचारून येतो" म्हणून उठून गेले. त्यांच्यामागून आलेल्या एका मास्तरांनी कार्ड हातातच मागून घेतलं.

कागद मिळाला. आशिषच्या अक्षरात, दोन सह्या, वर निळा शिक्का.

जोतीराम गाडीजवळ गेला. वाकून पिन बघितली. होती. टोकं नीट वाकवलेली. सिदू शेजारी येऊन उभा राहिला, हळूच म्हणाला, "अण्णा, ह्या वेळी मीच घातलीय. ट्रायलपण मारलीय."

"दिसतंय," जोतीराम म्हणाला. मग मागं वळला. "आशिषराव, बसा."

"कुठं?"

"मागं. तीन किलोमीटर ऱ्हायल्यात तुमची. माज्या घराला जातोय. हा कागद मी न्हाई देणार बायकोच्या हातात. तुमी द्यायचा."

मॅनेजरनं काचेतून हातानंच खूण केली, जा बाबा, एकदाचं मिटव. आशिष टाय खिशात कोंबून मागं बसला. अक्कलकोट रोडला ट्रकांच्या मधून जाताना जोतीरामनं दोनदा मागचा ब्रेक करकचून दाबला. दोन्ही वेळा आशिषनं त्याचा शर्ट धरला.

वैजयंती ओट्यावर बसली होती, प्लास्टरचा हात उशीवर. चंद्रव्वा शेजारी लसूण सोलत होती. गाडीवरून उतरलेल्या माणसाला बघून वैजयंतीनं आधी पाणी आणायला सांगितलं, कारण दारात आलेल्याला पाणी द्यायचं असतं, मग तो कुणी का असेना.

"वाचून दावा," जोतीराम म्हणाला.

आशिषनं वाचलं. पिन नव्हती. पिना संपल्या होत्या ते माहीत होतं. गाडी चालवून बघितली नव्हती. चंद्रव्वाच्या हातातला लसूण थांबला. "अय्यो," ती म्हणाली, "आणि आम्ही ह्या माणसालाच..." आणि पुढचं तिनं गिळलं.

वैजयंतीनं कागद हातात घेतला नाही. "मला हे कागदावर लागत न्हवतं," ती म्हणाली. "काल मी ह्यांना विचारलं आन मलाच माजं चुकलं ते कळलं. ह्यांनी गाडी उघडली असती तर पिन घालायची ऱ्हायलीच नसती. सतरा वर्सांत ह्यांच्या हातून एक नट राहिला न्हाई. दुखण्यात डोकं चाललं न्हाई माजं." हे ती आशिषला सांगत होती, पण बघत होती जोतीरामकडं. जोतीरामनं मान खाली घातली आणि उगाच गाडीचा आरसा पुसायला लागला.

"मग मी निघू, मॅडम?" आशिष म्हणाला.

"थांबा. शनवारी पिना संपल्या हुत्या म्हणता. मग त्या दिवशी ह्या कामाची एकट्या ह्यांचीच गाडी हुती का?"

आशिषनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"मोजा की," वैजयंती म्हणाली.

"...अजून चार असतील."

"बिनपिनेच्याच गेल्या?"

"हो."

"फोन केले त्यांना?"

"ते पुढच्या सर्व्हिसला येतील तेव्हा आपण..."

जोतीरामचा आरशावरचा हात थांबला. कालपासून तो आपल्या नावासाठी तळमळत होता, केबिनमधली सगळी तोंडं वाचून आला होता, आणि ही साधी गोष्ट त्याच्या मनात आली नव्हती. त्याला आशिषचा आला त्याहून जास्त राग स्वतःचा आला.

"बस खाली," तो म्हणाला. इतक्या हळू की आशिष लगेच बसला. "लाव फोन. हितंच."

आशिषनं मोबाइलमध्ये शनिवारची यादी काढली. पहिल्यानं फोन उचलला, शिवी दिली, गाडी दारातच आहे म्हणाला, हलवत नाही. दुसरा फोन एका बाईनं घेतला.

"गाडी? पोरगा घिऊन गेलाय की. तास झाला आसंल. वेळापूरला, मामाकडं."

आशिषनं फोन कानापासून दूर धरला. त्यानं जोतीरामकडं बघितलं.

"पोराचा नंबर घे," जोतीराम म्हणाला. "तोंड काय बघतूस माजं!"

नंबर घेताना आशिषचे दोन आकडे चुकले, पुन्हा विचारावे लागले. मग रिंग जात राहिली. एकदा कट झाली. पुन्हा लावली. चंद्रव्वा कन्नडमध्ये पुटपुटत होती. चौथ्या वेळी पोरानं उचलला. मोहोळच्या पुढं एका हॉटेलात वडापाव खायला थांबला होता.

"गाडीला हात लावू नको," आशिष म्हणाला. "तिथंच थांब. आम्ही माणूस पाठवतो. नाही... चूक आमची आहे. हो. आमचीच. पिन नाहीये तिला."

फोन ठेवून त्यानं घाम पुसला आणि उठायला लागला.

"अजून दोन ऱ्हायलेत," वैजयंती म्हणाली.